तैवानची पपई आणि चौथी लागवड

खानदेशात पपईची बाग म्हटली की बहुतेक वेळा ती 'तैवान ७८६'ची असते. बियाण्याच्या पाकिटावर 'रेड लेडी' लिहिलेलं असतं, बोलताना मात्र सगळे नुसतं 'तैवान' म्हणतात. हे वाण खरोखरच तैवानमधल्या एका बियाणे कंपनीचं. विषाणूला सहनशील अशी त्याची ख्याती. सहनशील म्हणजे रोग येतच नाही असं नव्हे, झाड जरा उशिरा हरतं एवढंच. शहादा-शिरपूर पट्ट्यात 'बागेत व्हायरस शिरला' हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही, असा पपईवाला सापडणं कठीण.

ज्या देशानं हे वाण दिलं तोही याच विषाणूनं गांजलेला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी जनुक बदलून पपईला रोगप्रतिकारक केलं आणि तीच प्रतिकारशक्ती कशी मोडते, हेही त्यांनीच शोधून छापलं. जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या, पिकांवर आपल्याकडे होणाऱ्या वादांत 'वाचवलं' आणि 'फसलं' असे दोनच शब्द फिरत असतात. तैवानच्या या प्रकरणात ही पपई दोनदा आजारी पडली आणि दोन्ही वेळा कारण वेगळं होतं. ही कारणं वेगळी काढून पाहण्यासाठीच हे टिपण.

रोग

पपई रिंगस्पॉट विषाणू, म्हणजे पीआरएसव्ही. शेंड्याकडची पानं पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांनी भरतात, मग पात आक्रसत जाते आणि शेवटी पानाच्या जागी नुसत्या शिरांच्या दोऱ्या उरतात. देठांवर आणि खोडावर तेलकट रेघा उमटतात. फळांवर गोल गोल वलयं दिसतात, त्यावरूनच नाव पडलं. लहान वयात लागण झालेलं झाड फळ धरतच नाही.

प्रसार माव्यानं होतो, आणि खरी मेख इथेच आहे. मावा पपईवर वस्ती करून राहतो असंही नाही. उडता उडता टेकतो, सोंड टोचून चव घेतो आणि पुढच्या झाडावर जातो. तेवढ्या काही सेकंदांत विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या झाडात उतरतो. फवारलेल्या औषधानं मावा मरतो, पण आपलं काम उरकून मरतो. म्हणून या रोगात कीटकनाशकाचा खर्च बराचसा मनाच्या समाधानासाठी असतो.

पपईच्या स्वतःच्या जातीत या विषाणूला रोखणारं भक्कम जनुक नाही. रानटी भाईबंदांत आहे, पण त्यांच्याशी संकर जमवणं अतिशय कटकटीचं. आपल्याकडे पपईवरच्या मोझॅकची, म्हणजे पानांवरच्या चट्ट्यांच्या रोगाची, नोंद जुनी आहे. मुंबई प्रांतातला हा रोग कपूर आणि वर्मा यांनी १९४८ मध्येच शास्त्रीय नियतकालिकात मांडला होता.

दक्षिण तैवानमध्ये हा विषाणू १९७५ मध्ये आढळला. पुढच्या चार वर्षांत पश्चिम किनाऱ्यावरच्या बहुतेक व्यापारी बागा त्यानं बसवल्या.

हवाईचा धडा

तैवानचे शी-डोंग येह अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी करत होते. त्यांचे मार्गदर्शक डेनिस गोन्साल्व्हिस मूळचे हवाईचे. या दोघांनी आधी 'सौम्य विषाणू आधी टोचायचा, म्हणजे उग्र विषाणू आत शिरत नाही' हा मार्ग धरला. हवाईच्या विषाणूपासून 'एचए ५-१' नावाचं सौम्य रूप तयार झालं आणि तैवानमध्येही ते मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिलं गेलं. रोग थोडा लांबायचा, पण आजूबाजूला रोगट बागा दाट असल्या की टिकाव लागत नसे. हवाईचं रूप हवाईत जास्त चालायचं आणि तैवानात कमी. पुढे जे घडलं त्याची चाहूल खरं तर इथेच लागली होती.

मग त्याच सौम्य रूपाच्या आवरण प्रथिनाचं, म्हणजे विषाणूला झाकणाऱ्या प्रथिनाचं, जनुक पपईत घालण्यात आलं. १९९१ मध्ये '५५-१' ही ओळ, म्हणजे एकाच बदललेल्या रोपापासून वाढवलेला वंश, हाती आली. एप्रिल १९९२ मध्ये ओआहू बेटावर तिची मैदानी चाचणी सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात पुना या जिल्ह्यात विषाणू सापडला. (हे पुना हवाई बेटावरचं आहे. नाव वाचून आपण दचकतो, पण आपल्या पुण्याशी त्याचा काही संबंध नाही.) हवाईची बहुतेक पपई तिथेच पिकायची. १९९२ मधलं पुनाचं ५ कोटी ३० लाख पौंडांचं उत्पादन १९९८ पर्यंत २ कोटी ६० लाखांवर आलं. मे १९९८ मध्ये 'रेनबो' आणि 'सनअप' या वाणांचं बियाणं शेतकऱ्यांना मिळालं आणि हवाईची पपई वाचली.

हा भाग सगळे सांगतात. त्याच झाडांवर बाहेरचे विषाणू टोचून पाहिल्यावर काय झालं, ते फारसं कोणी सांगत नाही. रेनबो हा संकर असल्यानं त्यात घातलेल्या जनुकाची एकच प्रत असते. हवाईतले विषाणू तो परतवतो, हवाईबाहेरच्या विषाणूंना बळी पडतो. सनअपमध्ये दोन प्रती असतात, त्यामुळे तो बाहेरच्याही बहुतेकांना पुरून उरतो, पण 'वायके' या पीआरएसव्हीच्या तैवानी वाणापुढे हरतो.

राखण कशी चालते

घातलेलं जनुक पपईत ढाल तयार करून ठेवत असेल, असं आपल्याला आधी वाटतं. प्रत्यक्षात या झाडांत प्रथिनाचं काम दुय्यम असतं. झाडाला त्या जनुकाचा आरएनए, म्हणजे जनुकाच्या मजकुराची नक्कल, 'नको असलेला' वाटतो. ते त्याचे वीस-बावीस अक्षरांचे बारीक तुकडे करतं आणि ते तुकडे जवळ बाळगतं. पुढे बाहेरून विषाणू शिरला की हे तुकडे त्याच्या आरएनएशी जुळवून पाहिले जातात. जुळलं की तो आरएनए कापला जातो. पीआरएसव्हीचा सगळा संसार दहा हजारांहून थोड्या अधिक अक्षरांच्या एकाच आरएनएच्या धाग्यावर असतो. तो कापला की खेळ संपला. या व्यवस्थेला जीन सायलेन्सिंग म्हणतात.

गावाकडच्या भाषेत सांगायचं तर राखणीच्या कुत्र्याला चोराच्या धोतराचा तुकडा हुंगायला दिलेला असतो. वास ओळखीचा आला की कुत्रा तुटून पडतो.

या व्यवस्थेत पहिली अडचण उघड आहे. चोराचा वास जरा वेगळा असला तर? हवाईतले विषाणू एकमेकांचे जवळचे भाऊ आहेत, त्यामुळे तिथे एका तुकड्यावर भागलं. वायकेचा वास वेगळा. हवाईच्या विषाणूत वायकेच्या आवरण-जनुकाचे निरनिराळे भाग जोडून २००१ मध्ये हे तपासलं गेलं. वायकेचं पूर्ण आवरण-जनुक घातलेल्या विषाणूनं रेनबोला जबर आजारी पाडलं. अर्धवट तुकडे घातलेल्यांनी कमी-जास्त सौम्य लक्षणं दाखवली. तुकडा जनुकाच्या सुरुवातीचा असेल तर जेमतेम परिणाम, मधला किंवा शेवटचा असेल तर टिकणारा परिणाम. म्हणजे वेगळेपण किती यासोबत ते नेमकं कुठे, यालाही महत्त्व आहे.

याच प्रयोगात एक छोटी विसंगती होती आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट तीच. वायकेचं पूर्ण आवरण-जनुक घातलेला हवाईचा विषाणू सनअपवर फक्त सौम्य लक्षणं देत होता. सनअपवर मात करणाऱ्या वायकेचा वास जर सगळा आवरण-जनुकात असेल, तर वास तोच असूनही चोर इतका लेचापेचा का निघाला? याचा अर्थ वायकेच्या बाकीच्या धाग्यातही काहीतरी होतं.

तैवानच्या चार लागवडी

येह मायदेशी परतले होते. तायचुंगच्या नॅशनल चुंग हसिंग विद्यापीठात त्यांच्या गटानं हवाईचं जनुक उसनं घेण्याऐवजी वायकेचंच आवरण-जनुक पपईत घातलं. घरच्या चोरासाठी घरचा वास. तयार झालेल्या काही ओळी वायकेबरोबरच हवाई, थायलंड आणि मेक्सिकोच्या विषाणूंनाही दाद देईनात. पहिली अडचण सुटली असं म्हणायला हरकत नव्हती.

१९९६ ते १९९९ या काळात चार ओळी उघड्या शेतात लावल्या गेल्या. एकाच ठिकाणची दोन लगतची शेतं आणि चार वेगवेगळ्या लागवडी. विषाणू टोचला नाही, माव्यालाच काम करू दिलं. शेजारी तुलनेसाठी साधी पपई होती. ती लागवडीनंतर तीन ते पाच महिन्यांत शंभर टक्के रोगट झाली, तीही जबर. जनुकांतरित झाडांपैकी एकही पीआरएसव्हीनं जबर आजारी पडलं नाही. पहिल्या लागवडीत विक्रीयोग्य फळ साध्या पपईच्या १०.८ ते ११.६ पट मिळालं आणि दुसऱ्या लागवडीत ५४.३ ते ५६.७ पट. एवढा फरक आपल्या डोळ्यांना खोटा वाटतो. पण साधी बाग जवळजवळ शून्यावर आलेली असली की भागाकार असाच फुगतो, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

पहिल्या दोन लागवडींत जनुकांतरित झाडांपैकी २० ते ३० टक्क्यांच्या पानांवर सौम्य ठिपके दिसले. हे प्रमाण ऋतूप्रमाणे हलायचं. थंडीत आणि पावसाळ्यात वाढायचं, उन्हाळ्यात उतरायचं. तिसऱ्या लागवडीत पावसात मूळकूज लागली आणि सौम्य लक्षणांची झाडं स्पष्टपणे वाढली. फळाच्या उत्पादनावर आणि प्रतीवर त्याचा परिणाम झाला नाही. तरीही मला ही नोंद आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. प्रतिकार हा विजेच्या बटणासारखा चालू-बंद नसतो. कापाकापीची ही यंत्रणा झाडाच्या प्रकृतीवर चालते. कमी तापमानात ती मंदावते, हे इतर झाडांतही दिसलं आहे. मुळं कुजलेलं झाड आजाऱ्यासारखंच राखण करणार.

मग चौथी लागवड आली.

जनुकांतरित झाडंच आजारी पडू लागली आणि यावेळी लक्षणं सौम्य नव्हती. पानांवर जबर मोझॅक, पानं वेडीवाकडी आणि दोरीसारखी, शेंडा खुरटलेला, देठांवर आणि खोडावर पाण्यात भिजल्यासारखे डाग. रिंगस्पॉट पाहिलेला कोणीही 'रिंगस्पॉटच' म्हणाला असता. प्रतिकार मोडला, विषाणू बदलला, अशी बातमी तिथेच तयार झाली असती.

येह यांच्या गटानं पानांचे नमुने पीआरएसव्हीच्या आवरण प्रथिनाविरुद्ध तयार केलेल्या सीरमनं तपासले. प्रतिक्रिया आलीच नाही, म्हणजे हा पीआरएसव्ही नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली कण त्याच कुळातले, लांबट आणि लवचिक दिसत होते. जनुकीय अक्षरं वाचल्यावर ओळख पटली. हा पपई लीफ डिस्टॉर्शन मोझॅक विषाणू होता, म्हणजे पीएलडीएमव्ही. रिंगस्पॉटचा चुलतभाऊ, पण विषाणू पूर्ण वेगळा. जपानला, विशेषतः ओकिनावाला, त्याची ओळख जुनी. मग या नव्या विषाणूचं सीरम तयार करून बाहेरच्या बागा तपासल्या, तर तो तैवानभर पसरलेला निघाला.

म्हणजे प्रतिकार मोडलाच नव्हता. पीआरएसव्हीविरुद्धचं जनुक आपलं काम चोख करत होतं. दाराला कुलूप होतं आणि चोर खिडकीतून आला. पीएलडीएमव्ही काही जनुकांतरित पपईमुळे जन्माला आला नाही, तो तिथेच होता. प्रत्येक बाग रिंगस्पॉटनं पिवळी पडलेली असताना त्या गर्दीत दुसरा रोगी कोणाच्या नजरेला पडणार, असा माझा अंदाज आहे. एकाला बाहेर काढलं की दुसऱ्याला जागा आणि प्रसिद्धी दोन्ही मिळते. घरातल्या मोठ्या भावाचं भांडण मिटल्यावर धाकट्याची कुरबुर ऐकू यावी, तसं.

यावरचा उपाय तर्काला धरून होता. दोन्ही विषाणूंच्या आवरण-जनुकांचे तुकडे जोडून एकच जनुक बनवायचं, त्यातून प्रथिन तयारच होणार नाही अशी तजवीज करायची आणि ते पपईत घालायचं. कुत्र्याला दोन धोतरांचे तुकडे. अशा ओळी दोन्ही विषाणूंना पुरून उरल्या.

५-१९

मैदानी चाचण्या पुन्हा पुन्हा घेताना पीआरएसव्हीचाच एक वाण हाती लागला. तो जनुकांतरित झाडांना सरळ आजारी पाडत होता. दुहेरी प्रतिकाराच्या ओळीही त्याला थोपवू शकल्या नाहीत. त्याचं नाव ५-१९.

पहिला संशय वासावर, म्हणजे अक्षरांच्या फरकावर गेला. ताडून पाहिलं तर गणित उलटंच निघालं. ५-१९चं आवरण-जनुक झाडात घातलेल्या जनुकाशी बऱ्यापैकी जुळत होतं. इतर देशांतले जे विषाणू याच झाडांपुढे हरले होते, त्यांच्यापेक्षा ५-१९ अधिक जवळचा होता. हे निष्कर्ष २००४ मध्ये छापले गेले आणि 'फरक जितका जास्त तितका धोका जास्त' हा सोपा नियम तिथेच गळून पडला.

उत्तर यायला २०१५ उजाडलं. ५-१९ आणि दुसरा पीआरएसव्ही यांच्या धाग्यांचे भाग अदलाबदल करून पाहिले. दोषी ठरले एचसी-प्रो नावाचं प्रथिन आणि खुद्द आवरण प्रथिन, आणि तेही अक्षरं जुळण्या-न जुळण्याशी संबंध नसताना. या कुळातल्या विषाणूंत एचसी-प्रोची कामं अनेक आहेत. माव्याच्या सोंडेला चिकटण्यात त्याचा वाटा आहे, आणि झाडाची ती कापाकापीची यंत्रणा दाबून टाकणं हेही त्याचंच काम. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या, तंबाखूच्या कुळातल्या एका झाडात तपासल्यावर दिसलं, की ५-१९चं एचसी-प्रो ही यंत्रणा वायकेच्या एचसी-प्रोपेक्षा जास्त जोरात दाबतं. कुत्र्यानं वास बरोबर ओळखला होता, पण चोरानं आधीच गुंगीची भाकरी टाकली होती.

सनअपवरच्या त्या जुन्या विसंगतीकडे आता पुन्हा पाहा. वायकेचं आवरण तेच, पण बाकीचा धागा हवाईचा असताना विषाणू लेचापेचा पडला होता. आवरणाबाहेर काहीतरी आहे, हे तिथं दिसत होतं.

यावरचा उपाय मला फार आवडला, कारण त्यात जरा खोडकरपणा आहे. भाकरी टाकणाऱ्या हाताचाच वास कुत्र्याला द्यायचा. ५-१९चं एचसी-प्रो जनुक, प्रथिन होणार नाही अशा रूपात, पपईत घातलं. आता झाड कापत होतं तो दाबणाऱ्याचाच मजकूर. या ओळींनी ५-१९ला आणि इतर देशांतल्या पीआरएसव्ही वाणांना पूर्णपणे रोखलं. सोबत लेखकांनी एक इशाराही दिला: आवरण-जनुकाची पिकं मोठ्या प्रमाणावर लावली, तर अशा जास्त उग्र वाणांना बळ मिळण्याचा धोका आहे. स्वतःच्याच गटानं वर्षानुवर्षं बनवलेल्या झाडांबद्दल असं लिहायला धैर्य लागतं.

ग्वांगडोंग

तैवानमध्ये हे सगळं चाचणीच्या कुंपणात घडलं. दक्षिण चीनमध्ये ते शेतकऱ्याच्या शेतात घडलं. तिथे २००६ मध्ये 'हुआनोंग नं. १' या जनुकांतरित पपईला परवानगी मिळाली. यात आवरणाऐवजी विषाणूच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनाचं जनुक होतं, आणि ते त्या भागातल्या 'वायएस' या प्रचलित वाणाचं. काही वर्षं ते उत्तम चाललं. पुढे ग्वांगडोंग आणि हैनानमध्ये हीच झाडं रोगट दिसू लागली. २०१२ ते २०१६ दरम्यान गोळा केलेल्या नमुन्यांतले निवडक २० विषाणू हुआनोंगवर टोचले, तेव्हा ती झाडं उघडपणे आजारी पडली. हे विषाणू वायएस, व्हीबी आणि एसएम या जुन्या प्रमुख वाणांपासून खूप दूर गेलेला एक नवा वंश निघाला. आवरण-जनुकाच्या अक्षरांवरून २७.१ टक्के नमुने दोन वाणांच्या सरमिसळीतून आलेले दिसले. म्हणजे इथे कारण पहिल्या प्रकारचं. वास बदलला.

हवाईत ही वेळ का आली नाही, याचं श्रेय अनेकदा एकट्या '५५-१' ओळीला दिलं जातं. मला ते अर्धं खरं वाटतं. हवाई म्हणजे समुद्रानं वेढलेली बेटं, तिथले विषाणू एकमेकांसारखे आणि बाहेरून नवीन विषाणू येण्याची वाट अवघड. जमीन चांगली असली की पेरणाऱ्याचंही कौतुक होतं.

आपल्याकडे

भारतात जनुकांतरित पपईला परवानगी नाही, त्यामुळे आपल्याकडे प्रतिकार मोडण्याचा प्रश्नच आजतरी येत नाही. पण पुढे कोणी असं वाण घेऊन आलं, तर विचारण्यासारखे प्रश्न तैवाननं तयार करून ठेवलेत. जनुक कोणत्या गावच्या विषाणूचं? भारतातले पीआरएसव्ही हवाईसारखे एकसाची नाहीत, एका राज्यातला नमुना दुसऱ्या राज्यातल्याला जुळतोच असं नाही. चाचणी हिवाळ्यात आणि पाणी साचलेल्या शेतात घेतली का? आजारी पडलेल्या झाडाचं पान फक्त पीआरएसव्हीसाठी तपासलं, की दुसराही विषाणू शोधला? आपल्याकडे पपईवर पांढऱ्या माशीमुळे येणारा पर्णगुच्छही आहेच, आणि बांधावर दोन्हींना 'व्हायरस' याच नावानं हाक मारली जाते.

तैवाननं स्वतः ही पपई व्यापारी लागवडीसाठी खुली केली नाही. तरी वायके जनुकाची पपई कुंपणाबाहेर गेलीच. २०११ मध्ये ओकिनावात विनापरवाना जनुकांतरित पपई सापडली आणि झाडं तोडावी लागली. विषाणूला कुंपण कळत नाही हे सगळे म्हणतात. बियाण्यालाही कळत नाही.

तिकडचा शेतकरी आज पपई बारीक जाळीच्या घरात लावतो, म्हणजे मावा आत येत नाही. झाड वाढून छताला टेकू नये म्हणून लहानपणीच खोड दोरीनं ओढून आडवं वळवतात. फळं जमिनीपासून हातभर उंचीवर लागतात आणि तोडणारा उकिडवा बसून तोडतो.